उथळ पाण्याची श्रीमंती

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ असे आपण एखाद्याला कमी लेखण्यासाठी म्हणतो. खोली म्हणजे गांभीर्य आणि उथळपणा म्हणजे पोकळपणा, हे समीकरण आपल्या भाषेत पक्के बसले आहे. पुण्याच्या आसपासची तळी आणि नदीपात्रे वर्षानुवर्षे पायाखाली घातल्यावर मला मात्र ही म्हण निदान पाणथळीपुरती उलटी करावीशी वाटते. खोल पाणी दिसायला भारदस्त असते. पण पक्ष्यांच्या हिशेबाने पाहिले, तर तळ्याची खरी श्रीमंती त्याच्या उथळ कडेला साठलेली असते. तो खळखळाट म्हणजे जेवणाच्या पंगतीचा गलबला असतो.

मी पक्षिशास्त्राची पदवीधर नाही. एक दुर्बीण, सलीम अलींचे १९४१ साली पहिल्यांदा निघालेले आणि पुढे अनेक आवृत्त्यांतून वाढत गेलेले भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक, मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ आणि स्वतःच्या वह्या, एवढ्या भांडवलावर जे शिकता आले ते शिकले. या लेखात मला वसंतातल्या एका सकाळी पाणथळीवर नेमके काय घडते, ते का घडते, आणि त्यातून आपल्या शहराच्या पाण्याविषयी काय वाचता येते, हे उलगडून सांगायचे आहे.

जाणाऱ्यांचा वसंत

आपल्या साहित्यातला वसंत आगमनाचा असतो. पळस-पांगारा फुलतो, आंब्याला मोहोर येतो, कोकीळ बोलू लागतो. तळ्यावरचा वसंत याच्या नेमका उलट, निरोपाचा असतो. फाल्गुन संपत आला की पाषाणच्या तलावावरची, कवडीपाटच्या बंधाऱ्यावरची आणि भिगवणच्या पसरट पाण्यावरची स्थलांतरित मंडळी बांधाबांध करू लागतात. दिवाळीच्या आसपास आलेले हे पाहुणे गुढीपाडव्यापर्यंत बरेचसे गेलेले असतात.

म्हणूनच पुष्कळ लोक मार्च उजाडला की दुर्बिणी कपाटात ठेवतात. माझ्या मते हा महिना चुकवू नये. डिसेंबरात पक्षी जास्त दिसतात हे खरे. पण मार्चमध्ये ते जास्त बोलके असतात. थंडीत करडा-मातकट दिसणारा पाणटिवळा या दिवसांत मानेपासून छातीपर्यंत विटकरी होत जातो. पिवळा धोबी आपल्या नावाला खऱ्या अर्थाने जागतो. पांढऱ्या धोब्याच्या गळ्यावर काळा पट्टा दाट होतो. जे पक्षी इथे अंडी घालणार नाहीत, ते हजारो मैलांवरच्या लग्नाची वस्त्रे इथल्या चिखलात उभे राहून चढवतात.

हे त्यांना कळते कसे? पुण्याच्या अक्षांशावर हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस १३ तासांहून थोडा अधिक असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस-रात्र जवळपास सारखे होतात. वाढत जाणारा हा उजेड पक्ष्याला फक्त डोळ्यांनी कळत नाही. त्याच्या मेंदूच्या आत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि पातळ कवटीतून झिरपलेला उजेड तिथवर पोचतो. दिवस पुरेसा लांबला की ग्रंथींचा स्राव बदलतो, पिसे बदलतात, भूक अनावर होते आणि रात्री एक विलक्षण अस्वस्थता येते. पिंजऱ्यात ठेवलेले स्थलांतरी पक्षीही या काळात रात्रभर एका दिशेने धडपडतात, असे निरीक्षण आहे.

यातली भूक आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. लांब उड्डाणाचे इंधन म्हणजे चरबी. चरबीच्या एका ग्रॅममधून पिष्ट पदार्थांच्या किंवा प्रथिनांच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते, आणि ती जळताना शरीराला पाणीही मिळते. म्हणून चिखलातले काही छोटे पक्षी निघण्यापूर्वी आपले वजन दीडपटीच्या पुढे नेतात. उड्डाणाआधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे त्यांना पोटभर आणि खात्रीचे अन्न मिळालेच पाहिजे. ते कमी पडले तर पक्षी इथे मरून पडलेला दिसत नाही. तो वाटेत कुठेतरी कमी पडतो, किंवा पोचूनही त्या वर्षी पिल्ले वाढवू शकत नाही. त्या नुकसानीची नोंद आपल्या तळ्याच्या काठावर होत नाही, इतकेच.

हे पाहुणे जातात कुठे, हेही लक्षात घ्यावे. चक्रवाकाच्या जोडीची रात्री ताटातूट होते असा संकेत संस्कृत काव्यात रूढ आहे. प्रत्यक्षात ही केशरी जोडी लडाख-तिबेटच्या पठारांवर जाऊन कड्याकपारींतल्या बिळांत घरटे करते. पट्टकादंब हा राखाडी हंस हिमालय ओलांडतो. त्याच्या अंगावर बसवलेल्या उपग्रह-यंत्रांनी सुमारे ७,३०० मीटर उंचीपर्यंतच्या उड्डाणांची नोंद केलेली आहे. थापट्या, भुवई बदक, पाणटिवळा हे त्याही पलीकडे, मध्य आशिया आणि सायबेरियाच्या दिशेने जातात. पक्षिशास्त्रज्ञ या मार्गाला ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणतात. तो तीस देशांवरून जातो. पुण्याचे एखादे तळे बुजले, तर ती निव्वळ पुण्याची खासगी बाब राहत नाही.

बोट, वीत आणि हात

आता प्रत्यक्ष काठाकडे वळू. मार्चच्या मध्यावर कवडीपाटला सूर्योदयापूर्वी पोचावे. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे आत वळले की मुळा-मुठेवरचा जुना दगडी बंधारा लागतो. या वेळी पाण्यावरून वाफ उठत असते. बंधाऱ्याखाली फेसाचे पुंजके आणि शहरातून वाहत आलेले प्लॅस्टिक असते. त्याकडे डोळेझाक करता येत नाही आणि करूही नये. उजेड वाढतो तसे आधी आवाज कळतात, मग आकार, मग रंग. नऊ वाजले की ऊन चढते, हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतले चित्र पुसट होते. म्हणजे हाताशी जेमतेम अडीच तास असतात.

एवढ्या वेळात पक्ष्यांची यादी करण्याची घाई बाजूला ठेवून एक वेगळा प्रयोग करून पाहावा. कोणता पक्षी किती पाण्यात उभा आहे, एवढेच बघावे. मोजायला आपली जुनी मापे पुरतात.

ओल्या चिखलावर, जिथे पाणी नाहीच, तिथे चिखल्या तुरुतुरु धावतो, थबकतो, टिपतो. धोबी त्याच्या आसपास. बोटभर पाण्यात तुतवार शेपटी नाचवत फिरतात. चार बोटे पाण्यात लांब चोचीचा पाणटिवळा चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. वीतभर पाण्यात लालचुटूक काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या चालतो. त्याच्या पुढे चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत असतो, चित्रबलाक उघडी चोच बुडवून मासा तिला लागण्याची वाट पाहतो आणि राखी बगळा पुतळ्यासारखा उभा राहतो. हातभर पाण्यापर्यंत हे सारे पायी चालणारे. तलवार बदक शेपूट वर आणि डोके खाली करून मानेच्या लांबीइतके खोल पोचते. थापट्या वरच्या वर चोचीने पाणी गाळतो. हाताच्या पुढे मात्र गर्दी एकदम ओसरते. तिथे पाणकावळा, टिबुकली, वारकरी असे बुडी मारणारे मोजके गडी उरतात.

पायाची लांबी, चोचीची लांबी आणि पाण्याची खोली यांचे हे गणित इतके चोख आहे की एकाच काठावर वीस-पंचवीस जाती एकमेकांच्या ताटात हात न घालता जेवू शकतात. आपल्या लोकांनी दिलेली नावेही याच निरीक्षणातून आलेली आहेत. चमचा, थापट्या, तिरंदाज, चिखल्या: पक्षी काय करतो किंवा कशाने करतो, हे नावातच आहे. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पक्ष्याला वारकरी म्हणणाऱ्याने त्याला नुसते पाहिले नव्हते, आपल्यात घेतले होते. चितमपल्लींनी आयुष्यभर आदिवासी, मासेमार आणि जुने ग्रंथ यांच्याकडून अशी नावे गोळा केली, त्यामागे हाच विचार असावा. नाव गेले की निरीक्षणही जाते.

म्हणजे पंगत सगळी एका हाताच्या खोलीत उरकते. आता प्रश्न असा, की तळ्याला ही एका हाताची पट्टी किती रुंद मिळते? हे पाण्यावर नाही, उतारावर अवलंबून असते. काठाचा उतार पन्नासास एक असेल, म्हणजे पन्नास पावले चालल्यावर पाणी एक पाऊल खोल होत असेल, तर ४५ सेंटिमीटर खोलीची पट्टी साडेबावीस मीटर रुंद होते. एक किलोमीटर लांबीच्या काठाला हे सुमारे साडेपाच एकर जेवणघर झाले. त्याच काठाला दोनास एक उताराची दगडी पिचिंग केली, तर ती पट्टी ९० सेंटिमीटरची उरते. किलोमीटरभर काठाला पाव एकरही नाही. आणि उभी भिंत बांधली तर शून्य. तिन्ही तळ्यांत पाणी सारखेच असेल, नकाशावरचा निळा रंग सारखाच असेल. पक्षी मात्र एकातच असतील.

वसंताचे महत्त्व इथे आणखी एका कारणाने वाढते. पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेले तळे उन्हाळ्याकडे ओसरत जाते. बाष्पीभवनाने आणि उपशाने पातळी दिवसाला अर्धा सेंटिमीटर उतरली असे धरले, तरी पन्नासास एक उतारावर रोज पंचवीस सेंटिमीटर रुंदीचा नवा ओला चिखल उघडा पडतो. कालपर्यंत पाण्याखाली असलेल्या अळ्या, किडे, गोगलगाई आज चोचीच्या टप्प्यात येतात. जाणाऱ्या पाहुण्यांना नेमके निघण्याच्या आधी रोज नवे ताट वाढले जाते. भिगवणला हे फार मोठ्या प्रमाणावर दिसते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या यशवंतसागर जलाशयाचे शेपूट भिगवण-कुंभारगावच्या सपाट शेतजमिनींवर पसरले. पाणी उतरते तसा मैलोन्मैल चिखल उघडा पडतो. रोहित पक्षी डोके उलटे करून चोचीच्या गाळणीतून हेच पाणी गाळत असतात. धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्याला हे भाग्य नाही.

राहणाऱ्यांची लगबग

पाहुणे निघतात तेव्हा घरचे लोक संसाराला लागतात. टिटवी याच दिवसांत उघड्या मुरुमावर अंडी घालते. ती इतकी खड्यांसारखी दिसतात की पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. भर उन्हात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन अंडी गार करते. म्हणजे तिला मोकळा मुरूमही हवा आणि जवळ पाणीही हवे. नदी सुरय पात्रातल्या वाळूच्या किंवा खडकाच्या बेटांवर अंडी घालतो. पाणी ओसरून बेट काठाला जोडले गेले की कुत्री तिथवर पोचतात, आणि वरून अचानक पाणी सोडले की घरटी वाहून जातात. वंचक, जो एरवी मातकट अंगाने काठाशी मिसळून बसतो आणि आपले नाव सार्थ करतो, त्याच्या पाठीवर आता लालसर-तपकिरी शाल येते. सुगरण अजून घाईत नसते. तिला पाऊस आणि पाण्यावर झुकलेल्या फांद्या हव्या असतात.

या सगळ्यांना लागणाऱ्या जागा पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. मुरूम, वाळूचे बेट, पाणकणसाची दाटी, झुकलेली बाभूळ, चिखल: यांतली एकही जागा आपण ‘सुंदर’ म्हणत नाही. स्वच्छता मोहिमेत आधी जाते ती हीच.

घाण पाण्याचे कोडे

कवडीपाटला पहिल्यांदा येणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. एवढ्या घाण पाण्यात एवढे पक्षी कसे? आणि पक्षी आहेत म्हणजे नदी ठीक आहे, असे म्हणायचे का?

या प्रश्नाचा पुण्यात फार आधी विचार झालेला आहे. १९८२ साली इथे ‘इकॉलॉजिकल सोसायटी’ ही संस्था स्थापन करणारे प्रकाश गोळे यांनी मुळा-मुठेवरच्या पक्ष्यांचा अभ्यास केला आणि ‘प्रदूषित नदीवरचे पक्षी’ या विषयावरचा त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९८४ साली प्रसिद्ध झाला. नदी घाण आहे म्हणून तिच्याकडे पाठ न फिरवता, ती घाण असताना तिच्यावर काय जगते हे पाहावे, ही दृष्टी मला त्यांच्या कामातली सर्वांत मोलाची वाटते.

कोड्याचे उत्तर अळीत आहे. शहराच्या सांडपाण्यात सेंद्रिय द्रव्ये, नत्र आणि स्फुरद भरपूर असते. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपत जातो. मासे गुदमरतात, पण काही चिलटांसारख्या माश्यांच्या लाल अळ्या तगतात. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तात असते त्याच जातीच्या द्रव्याचा, हिमोग्लोबिनचा असतो. त्यामुळे अगदी कमी प्राणवायूतही त्या जगतात. स्पर्धक गेले, शत्रू मासे गेले, अन्न अमाप. अळ्या बेसुमार वाढतात. शेकाट्या, तुतवार, धोबी यांना याहून सोपे जेवण कुठे मिळणार? म्हणून सांडपाण्याच्या उथळ पट्ट्यात शेकाट्यांचे थवे दिसतात.

याच्या उलट ज्यांना पाण्यातून पाहून शिकार करावी लागते, ते पाहा. तिरंदाज पाण्याखाली पोहत माशाला भाल्यासारखी चोच मारतो. छोटा खंड्या फांदीवरून मासा हेरून सूर मारतो. गढूळ, फेसाळ, मासे नसलेल्या पाण्यात त्यांचे काय काम? म्हणून पाण्याची तब्येत वाचायची असेल तर एकूण पक्षी मोजून भागत नाही. शेकाट्या पुष्कळ आणि खंड्या नाही, तर पाणी आजारी आहे. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी वाढली आणि बदके नाहीशी झाली, तर जलपर्णीने पाणी झाकले आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल हवेत सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचे खत म्हणजे आपलेच सांडपाणी. पाषाण, कात्रज, पवना, मुळा-मुठा, कुठेही पाहा. पक्ष्यांची यादी म्हणजे पाण्याचा तपासणी-अहवालच. फक्त तो वाचता आला पाहिजे.

यातून एक अवघड निष्कर्ष निघतो आणि तो पक्षिप्रेमींनी टाळू नये. उद्या सांडपाणी खरोखर शुद्ध होऊन नदीत येऊ लागले, तर कवडीपाटचे शेकाट्यांचे थवे कदाचित कमी होतील. तसे झाले तर आपण त्याचे स्वागतच केले पाहिजे. बंधाऱ्याखालचा फेस हा कोणाच्या तरी विहिरीत, शेतात, गुरांच्या पोटात जातो. ही मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि भीमा उजनीत. पाषाणच्या तलावातून निघणारी रामनदीही मुळेमार्गे याच प्रवाहात येते. पाषाण, कवडीपाट, भिगवण ही तीन वेगळी ठिकाणे नाहीत. एकाच पाण्याच्या दोरीत ओवलेली आहेत. पक्ष्यांसाठी नदी घाण ठेवा, असे म्हणणे म्हणजे खालच्या गावांनी आमच्या छंदाची किंमत द्यावी, असे म्हणणे आहे.

माणसाने केलेली तळी

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पुण्यातली ही पाणथळे निसर्गाची आहेतच कुठे? कात्रजचे तलाव अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधले गेले, ते जमिनीखालच्या नळाने शहरातल्या हौदांना पाणी पुरवण्यासाठी. पर्वतीच्या पायथ्याचे तळेही त्यांच्याच काळातले. ते तळे आज नाही. सारसबागेतल्या ‘तळ्यातला गणपती’ या नावात तेवढे ते उरले आहे. पाषाणचा तलाव इंग्रजी अमदानीत रामनदीवर बांध घालून केलेला. कवडीपाटला बंधारा, भिगवणला धरण. सगळे मानवनिर्मित.

खरे आहे, पण पक्षी सातबारा पाहत नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरचे उदाहरण बोलके आहे. गोदावरीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाटबंधाऱ्यासाठी बांध घातला गेला. मागचा जलाशय गाळाने भरत गेला. अभियंत्याच्या दृष्टीने हे नुकसानच. पण गाळाने पाणी उथळ झाले, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि आज ते महाराष्ट्रातले पहिले ‘रामसर’ स्थळ आहे. लोणार आणि ठाण्याची खाडी या यादीत त्यानंतर आली.

इराणमधल्या रामसर शहरात २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या करारात पाणथळीची व्याख्या उदार आहे. नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा हंगामी, वाहती असो वा साचलेली, सगळी पाणथळच. भारत १९८२ मध्ये या करारात सामील झाला. मात्र केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांची व्याख्या वेगळी आहे. तिच्यातून नदीपात्रे, भातखाचरे, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी आणि करमणुकीसाठी खास बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. आता हा नियम आपल्या नकाशावर ठेवून पाहा. कात्रज पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले. उजनी सिंचनासाठी. कवडीपाट नदीपात्रात. या लेखात ज्या पाण्यांवर आपण सकाळ घालवली, ती बहुतेक सगळी त्या व्याख्येच्या बाहेर पडतात. पट्टकादंब ज्याला पाणथळ समजून तिबेटहून येतो, त्याला आपले नियमपुस्तक पाणथळ म्हणत नाही.

म्हणून या जागांचे रक्षण कायद्यापेक्षा रोजच्या निर्णयांवर अवलंबून राहते. तळ्याचा गाळ काढताना कडेचा उतार ठेवायचा की सरळ खोदायचे? फिरण्याची वाट पाण्याला चिकटून न्यायची की थोडी मागे? दिवे कुठे लावायचे? हे निर्णय निविदेच्या कागदावर होतात, आणि तिथे ‘काठ’ नावाची रकाना-ओळ नसते.

काठाचा प्रश्न

पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ-विकासाच्या प्रकल्पावर गेली काही वर्षे वाद चालू आहे. नदीकडे शहराने पाठ फिरवली आहे, काठ मोकळे आणि वापरण्याजोगे झाले तर लोक नदीकडे परततील, ही समर्थकांची बाजू. नदीचे पात्र आवळले जाईल, झाडी जाईल, पूर वाढेल, ही विरोधकांची. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि मी अभियंती नाही. मला पक्ष्यांच्या बाजूने एकच मुद्दा मांडायचा आहे, आणि तो वर केलेल्या गणितातून सरळ निघतो.

पाणी स्वच्छ करणे आणि काठ बांधून काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना मात्र ‘नदी सुधारणे’ या एकाच शब्दात दोन्ही गुंडाळल्या जातात. पाणी घाण आणि काठ मोकळा, तर शेकाट्या राहतो, खंड्या जातो. पाणी स्वच्छ आणि काठ मोकळा, तर शेकाट्ये थोडे कमी होतील, पण खंड्या, तिरंदाज, मासे, गोगलगाई परततील. पाणी स्वच्छ पण काठ उभा, तर बुडी मारणारे दोन-चार सोडून कोणालाच पाय ठेवायला जागा नाही. आणि पाणी घाण असताना काठही उभा केला, तर ती नुसती भिंतीतली गटार. या चारांतला कोणता पर्याय आपण निवडतो आहोत, हे नागरिकांनी विचारले पाहिजे. माणसांनी नदीजवळ यावे हे मलाही हवे आहे. सगळा काठ कोणी मागत नाही. काही टप्पे माणसांच्या वाटेसाठी, काही टप्पे उतरत्या चिखलासाठी, अशी वाटणी आखताना करता येते. काँक्रीट ओतल्यावर करता येत नाही.

घाण पाणी उद्या स्वच्छ करता येईल. पैसे आणि इच्छाशक्ती असली की त्याला दहा वर्षे पुरतात. गेलेला उतार परत आणणे त्याहून कितीतरी अवघड असते, कारण तोवर त्या जागेवर दुसऱ्याच कशाची तरी मालकी बसलेली असते. पर्वतीच्या तळ्याचे नुसते नाव उरले, तसे कवडीपाटचे होऊ नये.

वाचकांसाठी थोडेसे

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पाहुणे नुकते येऊ लागले असतील. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये आपल्यातून गेले. त्यांची आठवण ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे आपल्या जवळचे एक तळे निवडणे.

दुर्बीण साधी चालेल. सूर्य पाठीशी घेऊन, काठापासून थोडे दूर थांबावे. पक्षी मान वर करून पाहू लागले की आपण फार जवळ आलो असे समजावे. शेव-फरसाण टाकू नये. वहीत पक्ष्यांच्या नावांबरोबर तीन गोष्टी जरूर लिहाव्यात: पाण्याची पातळी एखाद्या खडकाच्या किंवा झाडाच्या खुणेने, ओल्या चिखलाची पट्टी किती पावले रुंद आहे ते, आणि कोण किती खोल पाण्यात उभा होता ते. हेच जानेवारीत, पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते त्या सुमारास, पुन्हा करावे. आणि मग मार्चमध्ये, पाणटिवळा विटकरी होत असताना, तिसऱ्यांदा.

अशा तीन पानांना पदवी लागत नाही. पण दहा वर्षांच्या अशा तीस पानांतून एखाद्या तळ्याचा काठ कधी, किती आणि कोणाच्या नजरेसमोर गेला, याचा जो पुरावा तयार होतो, तो दुसऱ्या कुठल्याही दप्तरात मिळणार नाही.